उन्हात ठेवलेली किमची

देवकाबाईंच्या हाताला गुण आहे असं सिंदी रेल्वे या गावात कोणी म्हटलं की देवकाबाई नाक मुरडतात. "हाताले काय गुण राह्यते? गुण उन्हात राह्यते," असं म्हणून त्या बोट वर गच्चीकडे दाखवतात. खाली किराणा दुकान, दुकानामागे घर आणि घरावर ही गच्ची. उन्हाळा लागला की त्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. कुरड्या, मुंगवड्या, सरगुंडे, मिरच्या, कैरीच्या फोडी असं सगळं आपापल्या ओळीत पडून असतं, आणि कठड्याला लागून बरण्यांची रांग, प्रत्येकीच्या गळ्याला पांढरं फडकं. गल्लीत कोणाच्या लोणच्याला बुरशी आली की ती बरणी आधी देवकाबाईंकडे येते. त्या झाकण काढतात, वास घेतात, "उन नाई दाखवलं तू याले," एवढंच म्हणतात आणि निकाल लागतो. अपील नाही. लोणचं बिघडायला दुसरंही एखादं कारण असू शकतं, हे त्यांना कोणी आजवर पटवू शकलेलं नाही. साठवणीच्या कारभारात त्यांचा देव एकच, आणि तो रोज सकाळी कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यांमागून उगवतो.

तर अशा बाईची पोरगी दिल्लीच्या विद्यापीठात कोरियन भाषा शिकायला गेली. कशी गेली, याचं खापर पुष्कळांनी पुष्कळांवर फोडलं, पण खरं पाहिलं तर दोष गच्चीचाच. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात माकडांनी उच्छाद मांडला होता. वाळवण राखायला देवकाबाईंनी गुंजनला छत्री देऊन वर बसवलं, आणि पोरगी कंटाळेल म्हणून आपला मोबाईलही दिला. मोबाईलमध्ये कोरियन मालिका होत्या. माकडं कुरड्या खाऊन, हात पुसून निघून गेली तरी गुंजनचं लक्ष मालिकेतल्या राजकन्येकडे. उन्हाळा संपेपर्यंत तिला ती अक्षरंही यायला लागली. दुकानातल्या साखरेच्या पोत्यांवर ती खडूने काहीबाही काढायची, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "काऊन भाऊ, साखर आता बाहेरून येते काय?"

गुंजनचे वडील ताराचंदभाऊ तसे हिशेबी माणूस. पण कोरिया म्हटल्यावर ते लवकर राजी झाले, कारण कोरियाशी त्यांची घरोब्याची ओळख होती. घरातला टीव्ही कोरियाचा, फ्रीज कोरियाचा, आणि दोन्हींनी कधी दगा दिला नव्हता. दुकानापुढच्या बाकावर रोज सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त तलाठी पुंडलिकराव यांनी शंका काढली, "कोरियन शिकून पोरगी करन काय?" ताराचंदभाऊंनी तराजूवरची नजर न हलवता सांगितलं, "फ्रीजच्या कंपनीत साहेबीण होईन." मग तीन वर्षं हे उत्तर सिंदीत चाललं. गुंजन कोणत्या वर्षाला आहे असं कोणी विचारत नसे. फ्रीज कधी येतो, असं विचारत.

देवकाबाईंचं दुःख वेगळं होतं. पोरगी विदर्भात जन्मली आणि तिला तिखट सोसत नव्हतं. लहानपणापासून ठेच्याला बोट लागलं की नाक-डोळे वाहायचे. "कोणाच्या घरची वं तू?" असं देवकाबाई तिला म्हणायच्या, आणि पाहुण्यांपुढे विषय निघाला की तो लगेच बदलायच्या. दिल्लीला जाताना दरवर्षी लोणच्याची एक लहान बरणी गुंजनच्या बॅगेत जायची. ते लोणचं मात्र ती मजेत खायची. "दिल्लीचं पाणी लागलं मले, आता तिखट चालते," असं तिने मैत्रिणींनाही सांगून ठेवलं होतं.

दर रविवारी दुपारी गुंजनचा फोन यायचा. पहिल्या वर्षी ती अक्षरांबद्दल सांगायची, दुसऱ्या वर्षी माणसांबद्दल, आणि तिसऱ्या वर्षी गोष्टी सांगायला लागली. वर्गात वाचलेली प्रत्येक गोष्ट आईला सांगितल्याशिवाय तिला ती वाचल्यासारखी वाटायची नाही. आता गोष्ट म्हटली की हुंकारा आला. सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये "हं" म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते, ही आपल्याकडची जुनी रीत. देवकाबाई रीतीच्या पक्क्या. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचा, सुपात तूर घ्यायची, आणि खडे वेचता वेचता बरोब्बर जागेवर "हं" टाकायचा. या कामात त्यांचा हात कोणी धरला नसता. मन कधी सुपात, कधी शेजारच्या शकुंतलाबाईंच्या सुनेत, कधी संध्याकाळच्या भाजीत असायचं, पण "हं" चुकायचा नाही. एका हिवाळी रविवारी गुंजनने अशीच एक मोठी गोष्ट लावली होती. त्यात कुठली तरी सासू होती, कुठली तरी सून होती आणि फार बर्फ होता. गोष्ट अर्ध्यावर आली आणि देवकाबाई म्हणाल्या, "फोन ठेव वं, दूध उतू जाऊन राह्यलं." दूध खरंच उतू जात होतं, हेही सांगितलं पाहिजे.

होळीच्या सुमारास घरात ठिणगी पडली. पुण्याच्या एका कंपनीने गुंजनला दुभाषी म्हणून यायला सांगितलं, आणि गुंजनने घरी कळवलं की तिला नोकरी नको, पुढे दोन वर्षं दिल्लीतच कोरियन साहित्य शिकायचं आहे. ताराचंदभाऊंनी हे दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा पुंडलिकरावांना ऐकवलं.

"भाषा शिकली, ठीक हाय. गिऱ्हाईकाशी बोलाले लागते भाषा," ते म्हणाले. "आता साहित्य कायले? गोष्टीच वाचाच्या तर इथं येऊन वाच ना, मी काय दुकान बंद करतो?"

त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं. "सांग तिले" आणि "सांग बाबाले" असा व्यवहार देवकाबाईंमार्फत सुरू झाला. त्यांना स्वतःला पुणं पसंत होतं. पुणं म्हणजे रात्री गाडीत बसलं की सकाळी पोरगी दिसते. पण एका रविवारी गुंजन फोनवर रडली. गोष्ट वगैरे काही नाही, नुसती रडली, आणि म्हणाली, "आई, बाबाचं जाऊ दे. तुले तरी समजते काय, मले काय पाह्यजे ते?"

"हं," देवकाबाई म्हणाल्या.

सवयीने गेला तो हुंकारा. पलीकडे फोन बंद झाला. देवकाबाई सूप मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. तीन वर्षं पोरगी दर रविवारी तासतासभर बोलली, आणि तिला काय पाहिजे हे आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही, याची त्यांना फार लाज वाटली. ही लाज त्यांनी कोणापुढे काढली नाही. कढईवर काढली. ती कढई त्या दिवशी घासून घासून आरशासारखी झाली.

मे महिन्यात बातमी आली की गुंजनच्या प्राध्यापिका यून मॅडम सेवाग्रामचा आश्रम पाहायला येणार आहेत, आणि जाता जाता सिंदीला गुंजनच्या घरी जेवतील. मे महिन्यात वर्ध्याकडे फिरायला येणाऱ्या बाईबद्दल पुंडलिकरावांचं मत पहिल्यापासून जरा वाईटच झालं. ताराचंदभाऊंना मात्र यात न्याय दिसला.

"सांग तिले," ते देवकाबाईंना म्हणाले. "मी तिच्या मॅडमलेच विचारीन. साहित्य शिकून भेटते काय, ते तिनं मले पटवून द्यावं. पटलं तर जाय दिल्लीले. नाई पटलं तर पुणे. मंग कोणी रडाचं नाई."

"मंजूर," असा गुंजनचा निरोप आला. आणि देवकाबाई काळजीत पडल्या, कारण ताराचंदभाऊंना एखादी गोष्ट पटल्याचं त्यांनी संसारात फार क्वचित पाहिलं होतं.

वाद घालणं हे देवकाबाईंचं काम नव्हतं. त्यांचं काम जेवणाचं. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, आंब्याचा रस, तळलेल्या कुरड्या, ठेचा असा बेत ठरला. पण एवढ्याने त्यांचं समाधान होईना. मॅडमच्या तोंडात त्यांच्या गावचा घास पडला तर ती बाई जरा जोर लावून बोलेल, आणि पोरीलाही दिसेल की आईला काहीच समजत नाही असं नाही, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ठाण मांडून बसला. कोरियात किमची नावाचं लोणचं असतं, घरोघर असतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं. लोणचंच ना? मग देवकाबाईंनी कोणाला विचारायचं काय कारण?

विचारलं नाहीच. शेजारच्या शकुंतलाबाईंना बोलावून त्यांनी मोबाईलवर एका कोरियन बाईचा व्हिडिओ लावला. आवाज बंद केला, कारण समजणार नसलेल्या आवाजाने नुसती बॅटरी जाते. हात पाहायचे. हात सगळीकडचे सारखेच.

"तिची पत्ताकोबी लांबट दिसून राह्यली," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"असन. आपली गोल हाय. पोटात गेल्यावर कोणाले लांबट, कोणाले गोल?"

मिठात कोबी दाबून ठेवायची, ते ठीक. तांदळाच्या पिठाची पातळ खीर करायची, त्यात आलं, लसूण, भरपूर लाल तिखट. तिखट पाहून देवकाबाई खूश झाल्या. त्यांनी भिवापुरी मिरची काढली. मग त्या बाईने वाटीतून बारीक गुलाबी काही टाकलं.

"हे तं सोडे हाय वं," शकुंतलाबाई कुजबुजल्या.

"आपल्या घरात नाई चालत," असं म्हणून देवकाबाईंनी त्या जागी मेथीदाणा टाकला. त्या बाईने साखर चिमूटभर टाकली, देवकाबाईंनी पाहुण्यांच्या मानाने गूळ टाकला. फोडणीची वाट पाहिली, तर फोडणी आलीच नाही. तेल नाही, मोहरी नाही, हिंग नाही. "कशी जगत असन बिचारी," म्हणत देवकाबाईंनी फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलाची चरचरीत फोडणी आपल्या मनाने दिली. शेवटी त्या बाईने सगळं डब्यात भरलं आणि डबा फ्रीजमध्ये ढकलला. व्हिडिओ संपला.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"फ्रीजमंधी?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"फ्रीज बनवणारे लोक. ते तं सारं फ्रीजमंधीच ठेवतीन," देवकाबाईंनी निकाल दिला. "उन नसन त्यायच्याकडं. आपल्याकडं देवाच्या दयेनं काय कमी हाय?"

बरणी गच्चीवर गेली. कठड्याची मानाची जागा मिळाली, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हटत नाही. माकडांच्या भीतीने फडक्यावर झाकण, झाकणावर सुतळीचे वेढे आणि सुतळीवर विटकर. वर्ध्याचा मे महिना काही कोणाची भीड ठेवत नाही. दुपारी गच्चीवर अनवाणी गेलेलं माणूस नाचत खाली येतं. दुसऱ्या दिवशी बरणीतून बारीक आवाज यायला लागला.

"बोलून राह्यली वं हे," शकुंतलाबाई मागे सरकत म्हणाल्या.

"मुरून राह्यलं," देवकाबाई म्हणाल्या, आणि मॅडम येईपर्यंत त्यांनी बरणीला रोज ऊन पाजलं.

यून मॅडम आल्या त्या हातात छत्री, डोक्यावर मोठी टोपी आणि चेहरा टोमॅटोसारखा लाल होऊन. ठेंगणी, पन्नाशीची, हसऱ्या डोळ्यांची बाई. त्यांनी आणलेली चहाची डबी दोन्ही हातांनी पुढे केली, देवकाबाईंनी ती प्रसाद घेतात तशी दोन्ही हातांनी घेतली, आणि तेवढ्यावर दोघींचं जमलं. गुंजन मागे उभी होती. आईच्या पाया पडली, बापाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. ताराचंदभाऊंनी न्यायाधीशाला शोभेल असा कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला होता. साक्षीदार म्हणून पुंडलिकरावांना बोलावलं होतं. बैठकीच्या कोपऱ्यात, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो लाकडी नंदी चादर पांघरून उभा असतो. मॅडमनी त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा ताराचंदभाऊंनी अभिमानाने चादर काढून दाखवली, आणि मग ती तशीच राहिली.

प्रश्न जेवणानंतर काढायचा होता. उपाशी माणसाशी सौदा करू नये, हा दुकानाचा नियम. मॅडमना मोडकीतोडकी हिंदी येत होती, ताराचंदभाऊंना नागपुरी हिंदी येत होती, अडलं तिथे गुंजन होती.

पानं वाढली. सगळे मॅडमच्या तोंडाकडे पाहत होते, कारण ठेचा पानात होता. देवकाबाईंनी साखरेची वाटी जवळच ठेवली होती. मॅडमनी ठेचा भाकरीवर घेतला, खाल्ला, मान डोलावली आणि आणखी मागितला. गुंजननेही मोठ्या ऐटीत घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. साखरेची वाटी शेवटी तिलाच लागली.

"आता या दोघीयत परकी कोण?" पुंडलिकराव म्हणाले.

गुंजन खोकत खोकत म्हणाली, "मले चालते तिखट. आईचं लोणचं खातो ना मी." देवकाबाई लगबगीने उठल्या आणि गच्चीवर गेल्या.

परत आल्या त्या पोटाशी बरणी धरून. ऊन खाऊन ती इतकी तापली होती की फडक्यानेच धरावी लागली. त्यांनी ती पानांच्या मधोमध ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "गुंजन, तुह्या मॅडमले सांग. त्यायच्या गावचं हाय. किमची."

गुंजनचा हात घासावरच थांबला. मॅडमनी "किमची" हा शब्द ऐकून टाळी वाजवली. गुंजन "आई, थांब," म्हणेपर्यंत देवकाबाईंनी सुरीने सुतळी कापली होती.

झाकण उघडावं लागलं नाही. ते आपण होऊन गेलं. ठस्स असा आवाज झाला, झाकण पंख्याच्या पात्याला लागून नंदीच्या पाठीवर पडलं, आणि मागोमाग बरणीतली निम्मी किमची वर गेली. वर पंखा मोठ्यावर चालू होता. पंख्याने कोणाशी दुजाभाव केला नाही. ताराचंदभाऊंचा कुर्ता, पुंडलिकरावांचा चष्मा, भिंतीवरचं कॅलेंडर, नंदीची शिंगं, सगळ्यांना त्याने आपापला वाटा दिला. कोबीचं एक मोठं पान मॅडमच्या केसांत गजऱ्याच्या जागी जाऊन बसलं.

पंखा फिरत होता आणि अधूनमधून एखादा मेथीदाणा टपकत होता.

मग मॅडमनी केसांतलं पान काढलं. नाकाजवळ नेलं, वास घेतला, टोक जिभेला लावलं. आयुष्यभर देवकाबाई गल्लीतल्या बरण्यांपुढे अशाच बसल्या होत्या, पण समोर बरणी घेऊन आलेल्या बाईला काय वाटतं, हे त्यांना आज कळत होतं. मॅडमनी मान वर केली आणि शब्द जुळवत विचारलं, "इसको... धूप दिखाया?"

"हाव. रोज," देवकाबाई म्हणाल्या.

मॅडम हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग भिंतीला टेकून. वाईट हसणं नव्हतं ते. पण गुंजनला रडू आलं होतं. इतक्या मोठ्या दिवसाचं हे असं झालं म्हणून ती आईवर उसळली.

"तुले मी सांगतलं होतं ना आई! त्यायचं लोणचं उन्हात नाई ठेवत. ते सासू जमिनीत खड्डा करते, बर्फ पडाच्या आधी भांडे गळ्यापर्यंत पुरते, सांगतलं होतं ना मी तुले?"

"कोणती सासू?"

"त्या गोष्टीतली. फोनवर सांगतली नाई काय? तू हं हं करत होती."

देवकाबाईंना दूध उतू गेल्याचं आठवलं. बर्फही आठवला. सासू मात्र कितीही आठवली तरी आठवेना, आणि त्यांचा चेहरा उतरला.

इतक्यात ताराचंदभाऊंचा संयम संपला. जेवणानंतरचा मुहूर्त सोडून, मिशीवरून तेल ओघळत असताना त्यांनी प्रश्न टाकला. "मॅडमजी, अब आपही बोलो. ये साहित्य सीखके आखिर मिलता क्या है?"

मॅडमनी हसू आवरलं, डोळे पुसले आणि उत्तराला तोंड उघडलं. पण देवकाबाई मध्ये पडल्या.

"त्यायले नका विचारू. मले विचारा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पुंडलिकरावांनी चष्मा पुसणं थांबवलं. "म्या व्हिडिओ पाह्यला. मीठ कवा, पीठ कवा, तिखट किती, सारं पाहून केलं. शब्द एक समजला नाई, तरी हात चालले. कंपनीत तेवढंच लागत असन तं असो. पण भांडं उन्हात काऊन नाई ठेवाचं, ते व्हिडिओत नव्हतं. ते गोष्टीत होतं. पोरीनं गोष्ट मले घरबसल्या सांगतली, अन् म्या तूर निवडली. आपल्याले समजत नाई म्हणून तिच्या शिकण्यात काई नाई, असं कसं म्हणता तुम्ही? मीबी तेच केलं, अन् पाहा काय झालं. तिले गोष्टीच शिकाच्या हाय. जाऊ द्या तिले."

असं लांबलचक बोलणं देवकाबाईंच्या तोंडून लोणच्याशिवाय दुसऱ्या विषयावर कोणी ऐकलं नव्हतं, आणि हाही विषय तसा लोणच्याचाच होता. गुंजन आईकडे पाहतच राहिली. मॅडमना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी देवकाबाईंपुढे खाली वाकून मान झुकवली.

ताराचंदभाऊंनी वर पंख्याकडे पाहिलं, खाली कुर्त्याकडे पाहिलं, मग नंदीकडे.

"हे सारं पुसन कोण?" ते म्हणाले.

"मी पुसतो बाबा," गुंजन म्हणाली. दोनेक महिन्यांनंतर बापाशी ती थेट बोलली ती ही अशी.

"पुस मंग. अन् ॲडमिशनची तारीख कवाची हाय ते पाहून घे. मंग म्हणशीन, बाबानं सांगतलं नाई."

पुढचं सिंदीला ठाऊक आहे. पंख्याच्या पात्यावरचा डाग अजून निघालेला नाही. तान्ह्या पोळ्याला नंदी बाहेर निघाला तेव्हा एका शिंगाला लाल छटा होती, आणि ती मुद्दाम रंगवली आहे असं ताराचंदभाऊ सांगत फिरले. पोरगी काय शिकते असं बाकावर कोणी विचारलं तर ते आता म्हणतात, "गोष्टी. त्याच्यात लई गोष्टी राह्यतात." पुंडलिकराव यावर मान हलवतात, कारण ते साक्षीदार होते.

हिवाळा लागला तसा देवकाबाईंनी मागच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, खड्डा खणायला घेतला. गल्ली पाहायला जमली. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक बरणीला सूर्य दाखवला ती आता बरणी जमिनीत गाडते म्हटल्यावर शकुंतलाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. या खेपेला तेल नाही, फोडणी नाही, गूळ नाही. बरणी गळ्यापर्यंत मातीत बसली आणि वर ओलं पोतं पडलं.

त्या रविवारी दुपारी फोन आला तेव्हा देवकाबाईंनी सूप उचलून आत नेऊन ठेवलं. मोबाईल घेऊन त्या बरण्यांच्या फळीसमोर पाटावर बसल्या.

"ते सासूची गोष्ट सांग," त्या म्हणाल्या. "पह्यल्यापासून."

"आता? दूध गिध नाई ना गॅसवर?"

"दूध तापवून झालं. सांग तू."

गुंजनने सांगितलं. डोंगरातल्या एका गावात एक सून येते. सासू तिच्याशी बोलत नाही. बर्फ पडायच्या आधी सासू परसात खड्डा करते, किमचीचं मोठं भांडं पुरते, रोज सकाळी भांड्याशी दोन शब्द बोलते, सुनेशी एकही नाही. ("हं," देवकाबाई म्हणाल्या.) सुनेला तिथलं तिखट सोसत नाही. ती जेवताना पाणी पीत राहते, सासू पाहत राहते, बोलत काही नाही. ("हं.") मग त्याच हिवाळ्यात सासू मरते. बर्फ वितळतो, सून खड्डा उघडते. मोठ्या भांड्याच्या आड, मातीत, तिला एक लहान भांडं सापडतं. कोणाला न सांगता पुरलेलं. ती झाकण काढते. आतली किमची पांढरी असते. तिखट टाकलेलंच नसतं.

"झाली," गुंजन म्हणाली. "एवढीच हाय. आई?"

हुंकारा आला नाही.

समोर फळीवर बरण्यांची रांग होती. रांगेच्या शेवटी, मोठ्या बरणीच्या आड, एक लहान बरणी होती. तिच्यात मिरची नावापुरती पडायची, रंग यावा म्हणून जरा हळद जास्त. गेली तीन वर्षं ती दिल्लीला जात होती, आणि हे शकुंतलाबाईंनाही ठाऊक नव्हतं, कारण विदर्भातल्या पोरीसाठी बिनतिखटाचं लोणचं घालावं लागतं, हे देवकाबाई कोणत्या तोंडाने सांगणार?

"आई, ऐकून राह्यली ना तू? का कुठं गेली?"

देवकाबाईंनी पदराने नाक पुसलं. फोन तोंडाजवळ घेतला. सांगावं की न सांगावं, असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि मग नाही सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या.

पलीकडे गुंजन थांबली. तीन वर्षं ती हा हुंकारा ऐकत होती. हा निराळा होता, हे तिला ऐकू आलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "दिल्लीले पाठवते ते लोणचं... त्याच्यात तू मिरची किती टाकते वं?"

"तुले काय कराचं?" देवकाबाई म्हणाल्या. "दुसरी गोष्ट सांग."